स्टॉफरांची मानाची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की छाती पुढे काढून बसतात. मला तसं बसता येत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या स्टॉफर कुटुंबाने मला भरपूर मान दिला, पण आज त्यांच्यासमोर वर बघायचीही मला लाज वाटते. ती का, तेच सांगते.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी पोलादी, आणि खांद्याला टेकते तिथेही पोलादाचीच पट्टी. मी थर्टी-ऑट-सिक्स जातीची. पोरंसोरं डबे उडवायला जी पॉइंट टू-टू बंदूक वापरतात, तिचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं असतं आणि त्याच्या काठावर टिचकी बसली तरी उडतं. माझं काडतूस चांगलं बोटभर लांब. त्याच्या बुडाच्या मधोमध सुई आपटते, गोळी पुढे जाते आणि मी दणक्याने मागे, खांद्यावर येते. बनवणाऱ्याने मला घडवताना धिप्पाड माणसाचं माप मनात धरलं होतं.

एल्वुड स्टॉफर तरुणपणी तसेच धिप्पाड होते. त्यांनी मला विकत घेतलं आणि त्याच मोसमात हरणाचा एक शिंगाळा नर मारला. मग काय, "एल्वुडची बंदूक म्हणजे बंदूक!" असं दरीभर झालं. चुकलेल्या नेमांच्या गोष्टी कोण सांगतो? स्तुतीने मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. पुढे घरात रीतच पडली. पोराचं बारावं सरलं आणि शिकारीचा परवाना मिळाला की त्याने पहिलं हरीण माझ्यानेच मारायचं. माझा दस्ता कापायचा नाही, दणका सोसायला मला रबराची गादी लावायची नाही. एल्वुडना आता सगळे पॅप, म्हणजे आजोबा, म्हणतात. ते म्हणायचे, "बंदूक पोराच्या मापाची करायची नसते. पोराने बंदुकीच्या मापाचं व्हायचं असतं." मला हे वाक्य फार आवडायचं.

त्यांच्या मुलाने, डेलने, मला खांद्याला लावलं. मग लोर्नाने, त्याच्या धाकट्या बहिणीने. ती अंगाने बारीक होती. एक मोसम कसाबसा काढून ती म्हणाली, "मला थंडी बाधते," आणि मोसमात सगळे राहायचे त्या रानातल्या कॅम्पचं स्वयंपाकघर तिने आपलंसं केलं. तिच्या हातची कुट्टूची धिरडी खाताना तिला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. बाधत असेल थंडी, असं म्हणून मीही मोकळी झाले.

डेलची मुलगी ट्रेसा बारा वर्षांची झाली तरी दहाची दिसायची. अंगाने काडी, पण नेम असा, की कुंपणावर ठेवलेली बाटल्यांची झाकणं पॉइंट टू-टूने एकेक करून उडवायची. तिला शिकारीचं भलतं वेड होतं. झोपतानासुद्धा ती शिकाऱ्यांची नारिंगी टोपी काढत नसे.

लोर्नाने भावाला आधीच सांगून पाहिलं होतं. "डेल, पोरीला एखादी टू-फोर्टी-थ्री घे. हलकी असते, दस्ता आखूड मिळतो. हरणाला पुरते की."

"आणि पॅपना काय सांगू? तुमची बंदूक माळ्यावर टाकली म्हणून?"

"त्यांच्या बंदुकीचं तुला पडलंय. पोरीच्या खांद्याचं काय?"

"आपण नाही का बार काढले हिच्याने? मेलो का?"

 लोर्ना खाली मान घालून बटाटे सोलत राहिली.

कॅम्पमागच्या खडीच्या खाणीत ट्रेसाचा सराव सुरू झाला. माझं वजन पेलायला ती कमरेतून मागे कलायची. तिचं बोट चापापर्यंत पुरेना, म्हणून मान ताणून ती पुढे सरकली आणि तिचा डोळा माझ्यावर बसवलेल्या दुर्बिणीला जवळजवळ टेकला. मी उडाले तशी दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर बसली. खोक पडली.

"काही नाही झालं," ती रक्त बाहीला पुसत म्हणाली.

"शाब्बास! ही खरी स्टॉफर!" डेल म्हणाला. पॅपनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून चाप ओढायच्या आधीच तिचा खांदा आक्रसायचा आणि डोळे घट्ट मिटायचे. बाहेरून कुणाला ते दिसत नव्हतं. मी तिच्या गालाला लागून होते, मला सगळं कळत होतं.

मोसमाच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे शाळाही बंद असतात. ट्रेसा बापाशेजारी हेमलॉकच्या झाडाखाली बसली होती. समोर ओढ्याकाठी एक नर आला आणि आडवा उभा राहिला. याहून सोपा नेम कुणाच्या नशिबी येत नाही. तिचा खांदा आधीच आक्रसला, आणि ते हरणामुळे नव्हतं. तिने डोळे मिटले, चाप हिसकला. गोळी झाडाच्या सालीत गेली आणि नर शेपटी वर करून पसार झाला.

"कसं गं चुकलं?" डेलने विचारलं.

"दुर्बिणीवर वाफ धरली होती."

वाफबिफ काही नव्हती. आयुष्यात कधी खोटं न बोललेली मुलगी माझ्यापायी खोटं बोलली.

हरीण चुकलं की आमच्याकडे चुकणाऱ्याच्या सदऱ्याचा मागचा पदर कापतात आणि त्यावर नाव लिहून तो तुळईला ठोकतात. संध्याकाळी पॅप कात्री घेऊन उठले. "ये गं बाई! केवढीशी तू, पदर कापल्यावर सदरा उरेल का अंगावर?" सगळे खो खो हसले. ट्रेसाही हसली. मग ती मोरीपाशी आत्याला भांडी धुवायला मदत करू लागली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "उद्यापासून मी तुझ्याबरोबर स्वयंपाकघरातच राहते. मला थंडी बाधते."

लोर्नाच्या हातातली ताटली तशीच राहिली. नळ वाहत होता, तो बंद करायचंही तिला सुचेना.

सकाळी तिने मला खुंटीवरून काढलं आणि म्हणाली, "चला सगळे खाणीत. डेल, पोरीच्या आधी तू मारून दाखव."

"मला काय दाखवायचंय?"

"मग घाबरतोस कशाला?"

ती पाठ फिरवून मला भरायची आणि भावाच्या हातात द्यायची. पहिला बार झाला. गोळी समोर ठोकलेल्या नेमाच्या पाटीवर लागली. डेलने मिशीत हसून बहिणीकडे पाहिलं. दुसऱ्यांदा तिने मला भरल्यासारखं केलं, काडतूस घातलंच नाही. डेलने चाप ओढला. नुसतं टिक झालं. दणका बसायचा काही प्रश्नच नव्हता, तरी त्याचा खांदा दचकून पुढे आला आणि माझी नळी वीतभर खाली गेली.

"बाबा, तुम्ही डोळे मिटलेत," ट्रेसा म्हणाली.

डेल कानापर्यंत लाल झाला. "ते... आधीचा दणका बसला ना, म्हणून."

"आण इकडे," पॅप गुरगुरले. "बंदूक कशी धरायची ते विसरलास तू."

लोर्नाने त्यांच्याही हातात मला रिकामीच दिली. टिक. माझी नळी डेलच्या वेळेपेक्षा खाली गेली. माझे मालक, ज्यांच्या नावावर मी एवढी वर्षं मिरवले, डोळे मिटून उभे होते.  मग ते एका दगडावर बसले.

"पहिल्या दिवसापासून होतंय हे," ते म्हणाले. "वाटायचं, मोठा झालो की जाईल."

"मला वाटायचं, मी एकटाच," डेल म्हणाला.

मित्रांनो, तेव्हा धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. एका छपराखाली झोपणारी ही माणसं एकच भीती एकमेकांपासून लपवत आली, आणि त्या भीतीला मी माझा मान समजत आले.

दुपारी पॅप स्वतः ट्रेसाला गावातल्या दुकानात घेऊन गेले. माझी दुर्बीण उतरवून नव्या रायफलला लावायची होती, म्हणून मीही गल्ल्यावर पडून होते. दुकानदारीणबाई एकेक रायफल ट्रेसाच्या वाकवलेल्या कोपरात टेकवून बोट चापाला पुरतं का ते बघत होत्या. पॅप मध्येच "पण ती जरा मोठी..." म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले. शेवटी एक वापरलेली टू-फोर्टी-थ्री निघाली. दस्ता आखूड, मागे रबराची जाड गादी. पोर वाढली की दस्त्याला तुकडा जोडता येतो, असं बाईंनी सांगितलं.

"डोळे मीट, खांद्याला लाव, आणि आता उघड," त्या म्हणाल्या.

ट्रेसाने डोळे उघडले. "दिसतंय! मान न ताणता सगळं दिसतंय!"

ते परत आल्यावर सगळे खाणीत जमले. ट्रेसाने गोळी झाडली, लागली, आणि तिची पापणीही लवली नाही. मग तिने रायफल आत्यापुढे धरली.

"नको गं, माझे हात बघ पिठाचे."

"घे ना, आत्या. एकदाच."

लोर्नाने हात एप्रनला पुसले. तिने रायफल खांद्याला लावली, खूप वेळ श्वास धरला आणि चाप ओढला. बार झाल्यावरही तिने रायफल खाली घेतली नाही.

"एवढंच?" ती म्हणाली. मग भावाकडे वळून तिने पुन्हा विचारलं, "डेल, एवढंच असतं होय रे?"

डेलला वर बघवेना. पॅपनी टोपी काढली. लोर्ना एप्रनने डोळे पुसत होती आणि ट्रेसा तिला बिलगून उभी होती.

मित्रांनो, मला तेल लावा, नका लावू, मला गंज चढला तरी माझी तक्रार नाही. पण कुणा लहान माणसाच्या हातात घरातला मान ठेवायचा असेल, तर आधी तो हात नीट बघा. ट्रेसासाठी नवी रायफल एका दुपारात मिळाली. लोर्नाचं सगळं तरुणपण चुलीपाशी गेलं, ते मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाही.