सात नंबरच्या वाढदिवसाची नमुनावही

मी एक नमुनावही. पडद्यांच्या कापडांची. पडदे शिवायला टाकायला जाता, तेव्हा दुकानदार काउंटरवर धपकन आपटून "बघा, यातलं काही पसंत पडतंय का" म्हणतो ना, ती मी. बासष्ट जाड पुठ्ठ्यांची पानं, प्रत्येकावर तळहाताएवढा कापडाचा तुकडा. दोरे सुटू नयेत म्हणून कडा करवतीच्या दातांसारख्या कातरलेल्या. वजन म्हणाल तर उचलणाऱ्याचा खांदा एका बाजूला झुकेल एवढं.

आमच्या जातीला आयुष्य फार तर दोन वर्षांचं. कारखान्यातून ती कापडं यायची बंद झाली, की वही रद्दीत. माझीही वेळ आलीच होती. दुकानदारकाकांनी मला ढिगावर टाकलं, तेव्हा मागच्या खोलीत मशीनवर पडद्यांना चुण्या घालत बसलेली एक बाई मान वर न करता म्हणाली, "काका, ती मला द्या."

"काय करणार तिचं? यातलं एकही कापड आता मिळायचं नाही."

"नाही तर नाही. बघायला काय जातंय?"

ही ताई. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला ताईच म्हणतात. तिनं मला पिशवीत घालून घरी नेलं. रोज संध्याकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ती मला उघडायची आणि पानांवरून हात फिरवत बसायची. दुकानात माझ्याकडे लोकांनी किमतीच्या नजरेनं पाहिलं होतं, मायेनं पाहणारी ही पहिलीच.

मग तिच्या धाकट्या जावेच्या मुलीचा पहिला वाढदिवस आला. बैठकीच्या भिंतीला ओल आलेली, तिचा डाग चांगला पुरुषभर उंच. जाऊ रडकुंडीला आली. "सगळ्या फोटोंत मुलीच्या मागे हेच भूत दिसणार."

ताईनं मला मांडीवर घेतलं, तीन पानांना खुणा घातल्या, आणि दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडांतून त्यांच्या जवळपासचे रंग शोधून आणले. पिवळं सुती, पांढरी जाळी, मोरपंखी सॅटिन. चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापून छतापासून जमिनीपर्यंत सोडल्या. पंखा लावला की सगळी भिंत हलायची. वाढदिवसाची मुलगी केकपेक्षा त्या पट्ट्यांतच जास्त रमली.

एका पाहुणीनं विचारलं, "सजावटीला कुणाला बोलावलं होतं हो?"

जाऊ म्हणाली, "बोलवायचंय कशाला? आमचा घरचाच धंदा आहे."

ताईला पाणी पिता पिता ठसका लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! पण आठवड्याभरात त्याच पाहुणीकडून बोलावणं आलं, आणि जावेचं खोटं खरं करून दाखवण्यावाचून दोघींपुढे इलाज उरला नाही.

ती वर्षं माझ्या भरभराटीची. प्रत्येक घरी ताई मला घेऊन जायची. गेल्यावर रंग विचारायची नाही, माणूस विचारायची. एक बसचालक निवृत्त होत होते. त्यांच्या जेवणाच्या लांबलचक टेबलावर तिनं माझ्या एकोणिसाव्या पानासारखं करडं कापड अंथरलं, मधोमध पांढऱ्या दोऱ्याचे तुटक टाके घातले, की झाला रस्ता. प्रत्येक खुर्चीपुढे थांब्याची छोटी पाटी, तिच्यावर पाहुण्याचं नाव. चालककाका एकेका पाटीपाशी थांबत गेले आणि शेवटी बायकोच्या पाटीपाशी आल्यावर म्हणाले, "हा थांबा मात्र मी फार वेळा चुकवला." बायको म्हणाली, "आता बसा खाली, गाडी लागली." सगळे हसले. काका हसता हसता चष्मा पुसत होते.

पुढे धंदा वाढला, दोघींनी रस्त्याला लागून एक गाळा घेतला, आणि जावेच्या हातात फोन आला. माझी त्या फोनवर खुन्नस नाही. पण गिऱ्हाइकं आता स्वतःच चित्रं पाठवू लागली. "अस्संच पाहिजे." अस्संच म्हणजे पांढऱ्या-सोनेरी फुग्यांची कमान, तिच्याखाली आरसा, बाजूला फोटोचा कोपरा. वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो, कमान तीच. मला कुणी उघडेना. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला दाराशी टेकवून ठेवू लागले. एकदा जावेनं घाईत माझ्यावर गरम इस्त्री ठेवली. छत्तिसावं पान अजून तपकिरी आहे. ताईनं पाहिलं, चुचकारलं, पण तीही घाईत होती.

एके दिवशी गाळ्यात एक नवराबायको आले. नवऱ्याच्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. सुनेनं फोन पुढे केला. त्यात अर्थातच कमान. जावेनं लगेच होकार देऊन टाकला.

ताईनं सवयीनं विचारलं, "आईंना काय आवडतं?"

मुलगा म्हणाला, "तीन वर्षं झाली, आईला दिसत नाही. पण माणसं खूप येणार आहेत. फोटो चांगले यायला हवेत."

तो वाईट माणूस नव्हता. आईचं नाव घेताना त्याचा आवाज हळू होत होता. काय करावं ते त्याला कळत नव्हतं, एवढंच.

"एकदा त्यांना भेटून येते," ताई म्हणाली. दारातून निघताना तिचा पाय मला अडखळला. तिनं खाली पाहिलं, माझ्यावरची धूळ पदरानं झटकली आणि मला काखेत मारलं.

बाई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. पाऊल वाजताच म्हणाल्या, "उजव्या पायाची चप्पल सैल झालीय तुमची."

ताई हसली. "खरंय. मी सजावटवाली. तुमच्या वाढदिवसाचं विचारायला आलेय."

"मग सांगून ठेवते. मी येणार नाही. त्या दिवशी मी माझ्या खोलीत बसेन, तुम्ही खुशाल फोटो काढा."

दारात उभ्या सुनेचा चेहरा उतरला. "आई, असं काय म्हणता? सगळे तुमच्यासाठी येतायत."

"अगं, तू माझं सगळं करतेस, तुझ्यावर राग नाही. पण मला कुणीतरी दंडाला धरून या टेबलाकडून त्या टेबलाकडे नेणार. कपाट हलवतात तसं. समोर कोण उभं आहे ते दुसऱ्यानं माझ्या कानात सांगायचं, मग मी हसायचं. ज्या बाईनं सगळ्या गावाच्या लाइनी जोडून दिल्या, तिनं स्वतःच्या वाढदिवसाला असं उभं राहायचं?"

मग ताईनं मला बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय? किती जड! थांब, सांगू नकोस." बाईंची बोटं पहिल्या पानावर आली. बोटं कसली, दहा डोळे. "मखमल. हा ताग, पोत्यासारखा. हे टॉवेलचं. ही जाळी. आणि हे... हे रेक्झिन. आमच्या हेडफोनच्या गादीला हेच असायचं. उन्हाळ्यात कानाला चिकटून बसायचं मेलं."

बासष्ट पानं त्यांनी सावकाश पाहिली. होय, पाहिलीच म्हणते मी. शेवटी म्हणाल्या, "तुझं छत्तिसावं पान भाजलंय, बरं का."

गाळ्यात येताच ताई जावेला म्हणाली, "कमान नको. बाई कुणाचाही हात न धरता सगळ्या हॉलमध्ये फिरल्या पाहिजेत. सजावट त्यासाठी."

"ताई, मी शब्द दिलाय त्यांना! आणि फोटोत काय दिसणार? दोरखंड?"

"फोटोत आई दिसेल."

जाऊ धुसफुसत बाहेर गेली. चहा पिऊन परत आली आणि म्हणाली, "फुगे ठेवूच. पण त्यांत घुंगरू घालू. दाराशी टांगले की कोण आलं ते वाजेल." तेव्हाच मला कळलं, ही बया मनानं कधीच दूर गेली नव्हती.

मग दोघी भिडल्या. हॉलच्या भिंतींना आणि खांबांना कमरेच्या उंचीवर जाड सुती दोर, गडद निळा, मधूनमधून पांढऱ्या कागदी फुलांचे झुबके. डोळसांना ती नुसतीच सुंदर सजावट वाटावी. दारापाशी पुदिन्याच्या आणि लिंबाच्या कुंड्या, म्हणजे वासावरून दार कळेल. पंख्याखाली कडक कागदाच्या पानांची झालर, सळसळ झाली की समजायचं, केकचं टेबल आलं. आणि दोरावर प्रत्येक टेबलापाशी एक कापडाचा तुकडा. ताग म्हणजे शेजारी, मखमल म्हणजे नातवंडं, टॉवेल म्हणजे माहेरची माणसं. हा बेत ऐकून बाई यायला तयार झाल्या आणि खुणा माझ्यावरूनच पाठ केल्या. तीन दिवस मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. सून कुणाचंही नाव घ्यायची, बाई पान काढून दाखवायच्या. दोघी शाळकरी मुलींसारख्या हसत होत्या.

अडचण शेवटी आली. ती कापडं बाजारात मिळेनात. दुसरा ताग मऊ निघाला, दुसऱ्या मखमलीला बाई फसल्या. वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आलेला. ताईनं मला टेबलावर ठेवलं, कात्री हातात घेतली आणि थबकली.

जाऊ हळूच म्हणाली, "मी कापू का?"

"नको. माझी आहे, मीच कापते."

अकरा पानांवरचे तुकडे निघाले. दुखलं का, असं विचाराल तर कापडाला दुखत नाही. पण प्रत्येक तुकडा काढण्याआधी ताई त्यावरून एकदा हात फिरवत होती. एवढी वर्षं रद्दीची भीती बाळगली. कामासाठी कातरलं जाणं त्याहून किती वेगळं असतं, ते त्या दिवशी समजलं.

समारंभाला ताईनं मला कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं होतं, म्हणून सगळं पाहता आलं. बाई दारात आल्या. मुलानं दंड धरायला हात पुढे केला. त्यांनी तो प्रेमानं बाजूला सारला, दोराला हात लावला आणि चालू लागल्या. एकट्या. तागापाशी थांबल्या. "शेजारीणबाई, तुमचा खोकला गेला वाटतं?" मखमलीपाशी नातवंडांचे कान ओढले. सुनेनं तोंडावर हात घेतला होता. मुलगा फोटो काढायचे विसरून आईच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालत होता, लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा आपण चालतो तसा.

मग दोरावर एक तुकडा आला, रेक्झिनचा. तो बाईंनी पाठ केलेल्या खुणांत नव्हता. त्या गोंधळल्या. पुन्हा पुन्हा चाचपू लागल्या. त्या टेबलाभोवती चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "सात नंबर, लाइन मिळेल का?"

बाईंचा हात दोरावरच थिजला.

"चार नंबर?" त्या म्हणाल्या. "चार नंबर, मेले, तू जिवंत आहेस?"

एक्स्चेंजमध्ये नावांनी हाक मारायची पद्धत नव्हती, जी ज्या बोर्डावर लाइनी जोडायची त्या बोर्डाच्या नंबरानं मारायचे. त्या चौघींना जावेनं शोधलं होतं. आठवडाभर फोनवर याला विचार, त्याला विचार करत, ताईलाही न सांगता. हेडफोनची गोष्ट ताईकडून ऐकून रेक्झिनचा तुकडाही तिनंच 'एका टेबलाला लागेल' म्हणून कापून घेतला होता. चौघींचे आवाज बाईंनी एकामागून एक ओळखले, आणि मग पाच जणी एकदम बोलू लागल्या. केक कापायचा राहून गेला. कुणाला त्याची आठवणही आली नाही. ताईनं जावेकडे पाहिलं. जाऊ डोळे पुसत म्हणाली, "बघू नका अशा. तो फोन काही फक्त कमानी दाखवायला नाहीये."

तुकडे माझ्याकडे परत आले नाहीत. बाईंनी दोरासकट मागून घेतले. आता ते त्यांच्या घरात आहेत. ताग स्वयंपाकघराच्या दाराला, टॉवेल न्हाणीघराला, रेक्झिन फोनजवळ. रोज दुपारी चार नंबरचा फोन येतो म्हणे.

मी मात्र पुन्हा टेबलावर आले, मधली पानं उघडीबोडकी. गिऱ्हाइकाला विचित्र वाटेल म्हणून जाऊ त्यांवर कागद चिकटवणार होती. त्याच आठवड्यात बाईंकडून एक पाकीट आलं. आत लोकरीचा चौकोनी तुकडा, कडा माझ्या तुकड्यांप्रमाणे करवतीसारख्या कातरलेल्या, जरा वाकड्या. सोबत सुनेच्या हातची चिठ्ठी: "आईंचा कामावरचा स्वेटर. एक्स्चेंजमध्ये पंखे फार जोरात असायचे. हा तुमच्या वहीत लावा. कुणाला तरी उपयोगी पडेल."

ताईनं तो लावला. मग ही गोष्ट ऐकून आणखी एकानं दिला. एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्या बाळाच्या दुपट्याचा तुकडा, बसचालककाकांनी सीटच्या कव्हराचा, एका विधुर शिक्षकांनी बायकोच्या रेनकोटाचा. हे एकही कापड कुठल्याच दुकानात मिळणार नाही. आता गिऱ्हाईक येतं, ताई मला त्यांच्यापुढे ठेवते, आणि लोक चित्र दाखवायच्या आधी बोलायला लागतात. आईबद्दल, मित्राबद्दल, कधी स्वतःबद्दल. सजावट त्यानंतर सुचते.

तुमच्या घरीही कुणाचा तरी दिवस येईल. तेव्हा फुगे आणा, दिवे लावा, कमानही बांधा, माझी ना नाही. पण त्याआधी कपाटाच्या तळाशी हात घाला. त्या माणसाचं एखादं जुनं कापड सापडेल. त्याचा तळहाताएवढा तुकडा कापा आणि ताईकडे पाठवा. माझी सात पानं अजून रिकामी आहेत.