एव्हारिस्तोचं इंजिन

पवनचक्की गरगर फिरत होती आणि पाणी येत नव्हतं. वारा पडला असता तर वाऱ्याला शिव्या घातल्या असत्या. पण वारा होता, आणि हौदावरच्या नळीतून नुसती फुसफुस. गायी काठाशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, जणू मीच पाणी दडवून ठेवलंय.

माझा नवरा सेवेरो होता तेव्हा पाणी खाली गेलं की विहिरीत एक पाइप वाढवायचा. तो गेल्यावर मीही वाढवले. आता पंप तळाच्या चिखलावर टेकलाय. याच्यापुढे एकच, गायी विकायच्या आणि घराला कुलूप लावायचं. आमच्या टेक्ससात असली कुलपं मी पाहिलीत.

कुंपणापलीकडे माझ्या धाकट्या दिराचं, एव्हारिस्तोचं, इंजिन दिवसरात्र धडधडतं. तेलवाल्यांना जमिनीखालचा खडक फोडायला पाणी लागतं. त्यांनी त्याच्या रानात खोल बोअर मारली, शेजारी तळं खणलं; ते इंजिन बोअरचं पाणी उपसून तळ्यात भरतं. कायदा त्याच्याच बाजूचा: ज्याची जमीन, त्याचं पाणी, शेजारच्याची विहीर आटली तरी.

त्या सकाळी तोच आला, गाडीत रिकामी पिंपं घालून. हॅट हातात.

"वहिनी, थोडं पाणी द्याल?"

"तुला? तुझ्या तळ्यात तर बदकं पोहतात रे!"

"ते कंपनीचं. सही करून बसलोय, त्यातलं तांब्याभर उचलता येत नाही. आणि घरची विहीर कालपासून कोरडी."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याच्या घरची विहीर माझ्या विहिरीहून खोल.

"नळीला कान लाव. काय ऐकू येतंय?"

"हवा."

"ही तुझ्या भावाची विहीर. जा, ते इंजिन बंद कर."

"मला कोर्टात खेचतील, वहिनी."

"खेचू देत. तिथे प्यायला पाणी तरी मिळेल."

तो गेला. धडधड थांबली तेव्हा माझ्याच कानांना कसंतरी झालं. परत येऊन तो हौदाच्या काठावर बसला. कॉफी दिली, ती तशीच गार झाली. ऊन डोक्यावर आलं. मग नळी खोकली, लाल गाळ ओकली आणि करंगळीएवढी धार लागली. गायी एकमेकींना ढकलू लागल्या.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. कंपनीची पांढरी गाडी.

एव्हारिस्तोने इंजिनाची किल्ली खिशातून काढली, माझ्या एप्रनच्या खिशात टाकली.

"आधी धारेखाली पिंप लाव," मी म्हटलं.

त्याने लावलं. धूळ जवळ येत होती. धार काही जाड होत नव्हती.