चांद्याची शिवी

चांद्या वावराच्या धुऱ्याशी, बांधापाशी आला की थांबायचा. तास संपलं, ओळ संपली, आता वळायचं, हे त्या बैलाला कळत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षं जीवननं त्याला शिवी देऊनच वळवलं होतं, आणि शिवीशिवाय वळणं चांद्याला अपमानाचं वाटत असावं. ती शिवी चारचौघांत सांगण्यासारखी नाही. बैलाच्या मायपासून सुरू व्हायची आणि त्याला विकणाऱ्याच्या खानदानाला वळसा घालून परत बैलावर यायची.

जीवन माघात गेला. छातीत कळ आली, पाणी मागितलं, आणि तांब्या यायच्या आत संपला. आता आषाढ. पावसानं चार दिवस उघाड दिलेली, माती वाफशावर आलेली, सोयाबीनच्या ओळींत तण मातलेलं, आणि ते काढायचा डवरा जीवनच्या बायकोच्या, संजीवनीच्या हातात.

"चाल ना राजा," ती म्हणाली. "चाल ना बापा."

चांद्यानं एक कान हलवला.

शेजारच्या वावरात निंदणाऱ्या राबियाभाभीनं खुरपं खाली टाकलं. "काऊन वं संजीवनी, बैल हाकून राह्यली का व्याह्याले जेवाले बसवून राह्यली?"

"हसा भाभी, हसा. तो आयकतच नाई."

"आयकंन कसा? जीवनभाऊची शिवी म्हंजे त्याचा चहा होता. दे ना एक!"

"आन् मामाजी?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, नारायणराव. बाभळीखाली घोंगडीवर बसून ते सुनेकडं न पाहिल्यासारखं करत होते. वीस वर्षांत संजीवनीचा आवाज त्यांच्यासमोर ताटवाटीच्या आवाजाच्या वर गेला नव्हता. त्यात बाईनं डवरा धरला म्हणून गावाची नाकं मुरडून झाली होती. गावातला भाऊराव तर परवा घरीच आला. "बटईनं द्या वावर, अर्धं पीक तुमचं, बैल बी मीच घेतो. बाईमानसाचं काम हाये का हे?" नारायणराव म्हणाले होते, आइतवारी सांगतो. आइतवार उद्याच होता. आज डवरणी झाली नाही तर उद्या नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं. आणि मोताळ्याकडून आभाळ काळंभोर होऊन येत होतं.

"थांब." राबियाभाभी धुरा ओलांडून आली. "आमच्या पोरीनं, मलिहानं मांगच्या साली व्हिडिओ काढला होता जीवनभाऊचा. तोच आयकवू त्याले." आणि संजीवनी नको म्हणायच्या आत तिनं मोबाईल चांद्याच्या कानाशी धरला.

वावरात जीवनचा आवाज घुमला. घोगरा, अर्धा हसणारा. अख्खी शिवी.

चांद्या हलला. पण पुढं नाही. त्यानं मान मागं वळवली. डवऱ्याकडं पाहिलं, संजीवनीकडं पाहिलं, तिच्याही मागं पाहिलं. नाकपुड्या फुलवून वास घेतला. मग तसाच उभा राहिला, वाट पाहत.

राबियाभाभीचा हात खाली आला. "तौबा! माह्यी अक्कल चराले गेलती का वं..."

पाच महिने लोक संजीवनीला समजावत होते. जीवन गेला हे तिनं स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायची पाळी बैलापुढं आली.

"काय पाह्यतं बे मांगं?" ती ओरडली. "तो नाई येत आता! आयकलं का? नाई येत! मीच हाये! चाल, तुह्या..."

आणि शिवी आली. मायपासून निघाली, विकणाऱ्याच्या खानदानापर्यंत पोचली, तिथं तिचा दम संपला.

चांद्यानं फुर्र केलं आणि मुकाट वळला. डवरा मातीतून सरसर निघाला.

नवं तास अर्धं झाल्यावर तिला भान आलं. पदर खांद्यावर होता आणि बाभळीखाली कुणीतरी खाकरत होतं.

"संजीवनी."

तिनं कासरा ओढला, पदर डोक्यावर घेतला. "चुकलं मामाजी."

"चुकलंच." नारायणरावांनी नाक पुसायच्या निमित्तानं डोळेही पुसून घेतले. "धुऱ्यावर आल्यावर देऊन काय फायदा? दोन पावलं आंधी द्या लागते. आन् तू खानदानापाशीच सोडून देल्ली. परत बैलावर आना लागते. जीवनले मीच शिकोलती."

मग ते राबियाभाभीकडं वळले. "बाई, भाऊरावले फोन लाव. म्हनाव, आइतवारी चहा प्याले ये. वावर घ्याले येऊ नको."

"आताच लावू?"

"आताच. आभाळ थांबते का कोनासाठी?"

समोरचा धुरा जवळ येत होता. संजीवनीनं पदर काढून कमरेला खोचला. सासऱ्याकडं पाहिलं नाही. दोन पावलं आधीच सुरुवात केली, खानदानाला पुरता वळसा घातला आणि बैलावर आणून सोडली. चांद्या असा वळला, जसं काही मधे काही झालंच नव्हतं.

"कोन ओरडून राह्यलं हो तिकडं?" फोनवरून भाऊरावनं विचारलं.

"मालकीन," राबियाभाभी म्हणाली.