पिवळ्या बल्बची ऊब

"वीज वाचली न्हवं? आता पिल्लं वाचवा!" गोजराबाई खुराड्यातूनच नवऱ्यावर ओरडली.

जयसिंगने वाकून पाहिलं. नव्या चार एलईडी बल्बांखाली उजेड लख्ख होता, ऊब मात्र नावाला नव्हती. शंभरभर पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत होती. दोन गार पडली होती. रिह्याच्या खोऱ्यात तीन दिवस झड लागलेली.

"बल्ब उजेडालाच असत्यात," तो पुटपुटला.

"व्हय, अन् चूल धुरालाच पेटवत्यात!"

वीज कंपनीची योजना होती, जुना पिवळा बल्ब द्या, नवा निम्म्या किमतीत न्या. गावभर तिची दवंडी पिटणारा जयसिंगच. शेजारचा गेणबा 'मला नगं' म्हणाला, तर त्याला चारचौघांत अडाणी म्हणणाराही हाच. आणि पिल्लांच्या डोक्यावरचे शंभर वॅटचे चारही बल्ब पिरंगुटला देऊन आलेला, तोही हाच शहाणा.

तसाच फटफटीवरून पिरंगुट गाठलं. दुकानांत पिवळा बल्ब मिळेना. योजनेच्या खिडकीत जमा झालेले जुने फोडून टाकलेले, वर नवा कागद: आजपासून जुन्याच्या बदल्यात नवा फुकट. काल पैसे भरलेल्यांना परत काही नाही. जयसिंगला स्वतःचंच हसू आलं. देवाने अक्कल वाटली तेव्हाही आपण सवलतीची वाट बघत बसलो असणार!

येताना तो गेणबाच्या गोठ्यापाशी थांबला.

"या पुढारी! आज कंची योजना?"

"मागाया आलोय, गेणबा. तुजं शंभराचं बल्ब दे. पिल्लं गारठून मराया लागल्यात." पुढचं गिळावंसं वाटलं, पण गिळवेना. "अन् आईक, आजपासनं त्येच्यावर नवं फुकट मिळतंय. मला दिलंस तर तुजं नुकसान हाय."

गेणबा हसला. हाताला फडकं गुंडाळून त्याने गोठ्यातले दोन आणि घरातले दोन बल्ब काढले.

"ने. फुकटचं मागनं बघू."

जयसिंगला मनापासून लाज वाटली.

अर्ध्या तासात पिल्लं पांगली, दाणे टिपू लागली. जयसिंग पुन्हा बाहेर जाऊन आला, तसं गोजराबाईने विचारलं, "नवं बल्ब कुटं गेलं वो?"

"गेणबाकडं लावून आलो. अंधारात बसला व्हता गडी."

"म्हंजी त्येला घरबसल्या फुकट मिळालं की!"

"मिळनारच," जयसिंग म्हणाला. "निम्मं पैसं मी भरलं न्हाईत व्हय?"