उतरलेली सूज

शिवप्रियानं पट्टीचं टोक आईच्या तळहाताशी धरलं आणि ती बोटांपासून वर गुंडाळू लागली. मनगट आलं तशी आईनं, शांताक्कानं, हात पुढं सरकवला.

"आवळ अजून," ती म्हणाली. "तू नसताना मला एका हातानं एवढं आवळत न्हाय."

उमरग्यातल्या त्या घरात दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. हायवेवरून अवजड ट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणायची. शांताक्काचा उजवा हात डाव्याच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. स्तनाचा कॅन्सर निघाला, सोलापुरात ऑपरेशन झालं, तेव्हा अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या काखेतल्या लसग्रंथींच्या गाठीही काढल्या. कॅन्सर गेला, पण त्या गाठींतून वाहून जाणारं पाणी हातातच तुंबत राहिलं. मधूनच ताप भरायचा, हात लालबुंद व्हायचा, आणि ताप उतरला तरी कातडी आणखी टणक झालेली असायची. भाकरी थापणं सुटलं. काखेत अंगातलीच दुसरीकडची निरोगी गाठ बसवता येते, असं डॉक्टर म्हणाले होते. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. खात्री देता येत नव्हती.

ती खात्री शोधायला शिवप्रिया गेली होती. ती गुरांची डॉक्टर. उमरग्यात दवाखाना काढणार होती. त्याऐवजी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत लागली. तिथं उंदरांच्या मांडीतल्या गाठी काढून पाय सुजवत, आणि मग पोटाकडची गाठ रक्तवाहिनीसकट त्या जागी जोडत. भिंगाखाली केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालायचं काम तिचं होतं.

"ते काम बंद झालं, अव्वा."

"का? गाठी जगल्या न्हाईत?"

"जगल्या. पायाची सूज पण उतरली."

शांताक्कानं मान वर केली. "मग?"

"ज्यांना गाठ जोडली नव्हती, त्यांची पण उतरली."

"आपोआप?"

"व्हय. उंदराचं अंग पाण्याला नवी वाट काढून देतं. मग आमच्या गाठीनं काय केलं, हे सांगणार कसं? मोठ्या जनावरांवर करून बघायला पाहिजे होतं. ते करायला कुणी तयार न्हाय."

शांताक्कानं पट्टीतल्या हाताकडं पाहिलं.

"आणि माझं अंग?"

शिवप्रियानं कोपराशी पट्टीचा वेढा दिला, तो सैल वाटला म्हणून उकलला, पुन्हा दिला.

"त्यानं वाट काढायची असती, तर आतापर्यंत काढली असती."

"ऑपरेशन?"

"आता कातडी आतून घट्ट झालीय. गुण यील असं मला वाटत न्हाय."

शांताक्कानं डाव्या हातानं पदर सारखा केला.

"ते उंदीर कुठं हाईत आता?"

"मारावे लागतात. पाय आतून बघायचा असतो."

"बरे झालेले पण?"

"ते पण."

दारात चपला वाजल्या. शेजारच्या महालिंगप्पांची सून निकिता आत आली. तिचंही शांताक्कासारखंच कॅन्सरचं ऑपरेशन गेल्या उन्हाळ्यात झालं होतं. शिवप्रिया आल्याचं कळताच ती पोराला सासूकडं ठेवून आली होती.

"ताई, तुमचं ते उंदरांचं काम कुठपत्तर आलं? मावशी नेहमी सांगतात."

शिवप्रियाच्या हातातली पट्टी थांबली. तिनं आईकडं पाहिलं. शांताक्का तिच्याकडं पाहत नव्हती.

"सूज उतरली म्हणं," शांताक्का म्हणाली.

"खरंच? किती उंदरांची?"

"सगळ्यांची."

निकिता तिथंच खाली बसली आणि हसली. मग बांगड्या मागं सारून तिनं हात पुढं केला.

"परवापासनं हे जरा जड वाटतंय. धुणं लई पडलं होतं, त्यानं असंल. बघता का?"

शिवप्रियानं तिच्या मनगटाच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खळगा पडला होता, शांताक्काच्या हाताला सुरुवातीला पडायचा तसा. तो भरून यायची तिनं वाट पाहिली. निकिता तिच्या तोंडाकडं बघत होती.

"नवी पट्टी त्या कपाटात हाय," शांताक्का म्हणाली. "तिला बांधून दे. माझं राहू दे."