पौषातली खोली

जनी आणि बाईजा सख्ख्या जावा. बाईजा थोरली, जनी धाकटी. मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे, एकाच अंगणात दोघींची घरं समोरासमोर होती. जनीच्या प्रणितला आणि बाईजाच्या रितेशला वाशिंदच्या एकाच कारखान्यात काम लागलं, तेव्हा गावाने दोघींकडे पेढे मागितले. जनीने पेढे वाटले, पण लोक आधी बाईजाच्या दारात गेले आणि मग आपल्याकडे वळले, हे तिच्या मनातून जाईना.

तसं नेहमीच होई. लग्नाची अक्षत आधी बाईजाकडे. यंदा कोणतं भात पेरायचं, हे पण बाईजालाच विचारायचं. बाईजाच्या घरावर स्लॅब टाकली त्या वर्षापासून जनीने आपल्या कौलांकडे मान वर करून बघितलं नव्हतं. बाईजा वाईट नव्हती. वाईट असती तर जनीला तिच्याशी भांडता आलं असतं.

काम लागलं, पण पाळी पहिली होती. गावातून निघालेली पहिली एसटी मुरबाडला पोचायची तोवर वाशिंदला भोंगा झालेला असायचा. कारखान्यातल्या साहेबाने दोघांना स्पष्ट सांगितलं, सोमवारी हजर व्हाल तेव्हा राहायची जागा वाशिंदमध्येच हवी. लांबून येणारी पोरं पुढे दांड्या मारतात. खोली नसेल तर काम दुसऱ्याला.

आणि वाशिंदमध्ये खोली मिळणं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर सापडण्यासारखं झालं होतं. बाहेरगावाहून कामाला आलेल्या माणसांनी सगळं भरलेलं. पाटी लावायच्या आधी खोली जायची. त्यात एकट्या पोरांना कोणी दारात उभं करीत नव्हतं. 'फॅमिली आहे का?' हा पहिला प्रश्न. म्हणून पोरांबरोबर आयांनाच हिंडावं लागत होतं.

अंबूबाईच्या चाळीतली खोली आधी जनीनेच बघितली. कोपऱ्याची खोली, मागे खिडकी, आतच नळ. प्रणितने नळ सोडून बघितला आणि आईकडे बघून हसला.

अंबूबाई ओट्यावर बसून सांगत होती, "दारू, पत्ते, मोठ्यानं गाणी, यातलं काय चालणार नाय. आणि पोरगा एकटा नको."

"मी राहीन त्याच्यासंग," जनी म्हणाली.

"मग ही घ्या चावी. सकाळपासून दोघं बघून गेलेत."

जनीने हात पुढे केला आणि मागे घेतला. "माघ लागू दे, पहिल्याच दिवशी येतो."

"अगो बाय, माघ लागेपर्यंत रिकाम्या खोलीला मी काय हळद लावत बसू?"

"आय, सोमवारी जॉइन व्हायचंय," प्रणित म्हणाला. "सोमवारी काय माघ येतोय?"

"पौषात नवं घर धरायचं नाय. आत्याचं ठावं नाय तुला? पौषात राहायला गेली, वर्षाच्या आत माघारी आली."

"नवऱ्याशी पटलं नाय म्हणून आली ती!"

"मग का पटलं नाय? पौष!"

अंबूबाईला हसू आवरेना. तरी तिने सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत वाट बघते. पुढं मला जमायचं नाय."

येताना जीपमध्ये प्रणितने रितेशला फोन केला आणि खोलीचं सगळं सांगितलं. दोघांचं लहानपणापासून असंच, एकाला कळलं की दुसऱ्याला कळलंच. जनी वाटभर एवढाच विचार करीत होती, की भटजींना विचारून पौषातून काही वाट निघते का.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जनी अजून भटजींच्या निरोपाची वाट बघत होती, तोच बाईजा अंगणात आली. पदराच्या गाठीला चावी बांधलेली होती.

"जने, खोली मिळाली गो! प्रणितनंच सांगितली. तू नको म्हणून आलीस ना?"

जनीच्या हातातलं सूप खाली आलं. "पौषात घेतलीस?"

"मी कुठं पौषात निघाले? मार्गशीर्षातच पस्तान ठेवलंय, शहापूरला माझ्या बहिणीच्या घरी."

पस्तान जनीलाही माहीत होतं. पुढे चांगला दिवस मिळणार नसेल, तर माणसाच्या आधी त्याची पुरचुंडी निघते. मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी फडक्यात बांधायची आणि वाटेवरच्या कुणाच्या घरी चांगला दिवस बघून ठेवायची. मग माणूस कधीही निघो, तो त्या चांगल्या दिवशीच निघाला असं धरतात. जनीची आई हे करायची. बाईजाने ते पोरांच्या मुलाखती झाल्या झाल्या करून ठेवलं होतं. आणि जनीला सुचलं नव्हतं.

तिला खोली गेल्याचं दुःख होतंच. पण बाईजाला सुचलं, हे त्याहून जास्त बोचलं.

घरात शिरताच तिने भांडी आदळली. धर्मा, तिचा नवरा, खाटेवर पडला होता.

"बरं झालं," तो म्हणाला, "एक तरी खोली भावकीत आली."

"भावकीत कुठं? तिच्या पदरात आली."

"मग तू पण पस्तान ठेवायचं होतं."

"तुमी आठवण करायची होती!"

"मी? मी तवा बाजारात बैल बघत होतो."

"घेतलात का एखादा?"

"घ्यायला कुठं गेलो होतो? बघायला गेलो होतो."

दुसऱ्या दिवशी जनी एकटीच वाशिंदला गेली. पौष की माघ, आता तिने ते मनातून काढलं होतं. एका शिंप्याच्या माडीवर खोली होती, ती जिना चढेपर्यंत गेली. भिंतीवरच्या नंबरावर फोन लावून घेतला, तर पलीकडच्या माणसाने "गेली" एवढंच बोलून ठेवून दिला. नव्या बिल्डिंगच्या वॉचमनने तर तिला आतही सोडलं नाही. पाय दुखायला लागले तेव्हा ती अंबूबाईच्या चाळीपाशी होती. कोपऱ्याच्या खोलीला नवीन पितळी कुलूप होतं. बाईजाचं कुलूप.

अंबूबाई सुकट निवडत होती. तिने पाणी दिलं. "दुपारपर्यंत थांबणार होते, पण तुमी काय परत याल असं वाटंना. ती बाई आली आणि चावी घेऊनच गेली."

"बघितलं," जनी म्हणाली. पाणी पिऊन तिने तांब्या खाली ठेवला. "पोरगा नीट बघितलात का पण?"

"का गो?"

"म्हसोबाच्या जत्रेत पिऊन पडला होता. उचलून आणला घरी."

रितेश जत्रेत प्यायला होता हे खरं. बँडपुढे नाचला, विहिरीपाशी ओकला, आणि आपल्या पायांनी घरी आला. उचलून आणल्याचं जनीने वरून घातलं. पहिलं वाक्य तोंडातून गेल्यावर दुसरं आपोआप आलं.

अंबूबाईचा हात सुकटीत थांबला. "तुमी कोण त्यांच्या?"

"कोणी नाय. त्याच गावची."

परतताना शहापूर येईपर्यंत तिला फार हलकं वाटलं. जीप मुरबाडच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बाईजाची खोली गेली म्हणून आपल्या प्रणितला काही मिळणार नाही. तरी हलकं वाटतच होतं.

शनिवारी बाईजा पुन्हा अंगणात आली. यावेळी ती दारात न थांबता सरळ आत येऊन बसली.

"अंबूबाईचा फोन आलता. कोणीतरी तिचे कान भरलेत. म्हणते, घरात थोरलं माणूस कायम राहात असलं तर ठेवा खोली, नायतर चावी आणून द्या. मी म्हटलेलं अधूनमधून येऊन बघेन, ते तिला आता चालत नाय."

"मग जा की राहायला," जनी चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"कशी जाऊ? म्हैस आज-उद्या व्यायची. यांचा पाय प्लास्टरात. म्हणून तुझ्याकडं आले. तू चल. प्रणित, रितेश दोघं राहतील, तू त्यांच्यासंग राहा."

धर्मा खाटेवरून उठून बसला. "सुटलं! वहिनी, तुमी लय शहाण्या!"

जनीने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. हो म्हणावं तर अंबूबाई ओट्यावर बसलेली असणार. बघितल्याबरोबर ओळखणार. नाही म्हणावं तर सोमवारी प्रणितचं काम जाणार. प्रणित दारात उभा होता. आईच्या तोंडाकडे बघत होता.

"पौष हाय," जनी म्हणाली. "बाईजाबाय, तुझ्या पोराचं पस्तान ठेवलेलं. माझ्या पोराचं कुठं ठेवलंय?"

"ठेवलंय ना. दोन पुरचुंड्या ठेवल्यात मी. एक रितेशची, एक प्रणितची. दोघांनी एकाच दिवशी मुलाखत दिली, मग एकाचीच कशी ठेवू?"

जनी चुलीत लाकूड सारत राहिली. आपल्या पोराचं पस्तान, तेही हिनेच ठेवावं! तिला बाईजाचा एवढा राग स्लॅब टाकली तेव्हाही आला नव्हता.

"आणि तुझं म्हणशील," धर्मा म्हणाला, "तर तिथं गॅस हाय. गॅसला कसला पौष? पौष चुलीला."

प्रणितने गोणीत भांडी भरायला सुरुवात केली होती.

रविवारी दोघी जावा आणि दोघं पोरं, असे चौघं निघाले. जीपच्या टपावर गाद्या, शेगडी, तांदळाचं पोतं. जनी देवाला मनात म्हणत होती, अंबूबाई आज कुठंतरी लग्नाला गेलेली असू दे. मग आठवलं, पौषात लग्नं कुठली.

अंबूबाई ओट्यावरच होती. तिने बाईजाला बघितलं, पोरांना बघितलं, आणि जनीवर नजर आली तशी उठून उभी राहिली.

"ही कोण?"

"माझी जाऊ," बाईजा म्हणाली. "हीच राहणार हाय."

"जाऊ? ही तर मला म्हणाली, त्यांची कोणी नाय. हिनंच सांगितलं मला, तुमचा पोरगा पिऊन पडतो म्हणून!"

रितेशने खांद्यावरचं पोतं खाली टेकवलं. प्रणितने आईकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. जनीला ओट्याच्या पायरीपलीकडे काही दिसेना.

बाईजाने आधी जनीकडे बघितलं. मग म्हणाली, "प्यायला होता तो. जत्रेतलं खरं हाय."

"आणि उचलून आणला ते?"

"उचलायला लागलं नाय. पण पाठीत घालायला पायजे होतं, ते मी घातलं नाय. आता ही घालील."

"तुमचं काय ते तुमी बघा," अंबूबाई म्हणाली. "पण घरचीला परकं म्हणणाऱ्या बाईच्या हातात मी खोली देऊ? उद्या माझंच काय सांगत फिरंल." ती जनीकडे वळली. "तुमीच बोला बाय. हा पोरगा तुमचा कोण?"

प्रणितने गोणीचं तोंड पुन्हा बांधायला घेतलं. पलीकडे कोणी बाई कपडे वाळत घालता घालता थांबून ऐकत होती.

"पुतण्या," जनी म्हणाली. अंबूबाईला ऐकू गेलं नाही म्हणून तिला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "माझा पुतण्या हाय. दोघंबी माझीच पोरं. पिऊन आला तर मीच चावी आणून देईन तुमच्या हातात."

अंबूबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघा हां," ती म्हणाली आणि पाय पोटाशी घेऊन परत ओट्यावर बसली. पोरांनी पोतं उचललं.

सामान लागलं. बाईजाने शेगडी पुसून दिली, नळाखाली कळशी भरून ठेवली. म्हशीची धास्ती होती म्हणून ती चहा न पिताच निघाली. दारात पायात चपला सरकवताना एवढंच म्हणाली, "जने, मला सांगायचंस. मीच चोपला असता त्याला."

जनीला वाटलं, हिने शिव्या द्याव्यात, केस धरावेत. बाईजा गेली आणि तिच्या मागे जनी दाराला धरून उभी राहिली. चारचौघांत वाचवलं ते पण हिनेच. आता गावात जायचं म्हणजे हे डोक्यावर घेऊन जायचं.

मग तिने परात घेतली आणि तांदळाचं पीठ मळलं. तव्यावर भाकरी टम्म फुगली. सुकटीचं कालवण अंबूबाईच्याच वाट्यातून मागून आणलेल्या सुकटीचं केलं, चांगलं झणझणीत. रितेश आधी खाली मान घालून जेवत होता. दुसरी भाकरी वाढली तेव्हा त्याने मान वर केली. तिसरी त्याने मागून घेतली.

"काकी, कालवण काय झालंय!"

"तुझी आय असं नाय करीत?"

"ती तिखट घालत नाय. बाबांना चालत नाय ना."

जनीने त्याच्या ताटात आणखी एक वाटी ओतली. प्रणित म्हणाला, "आय, मला पण!" ती म्हणाली, "तुला रोजचंच हाय. त्याला खाऊ दे."

भांडी घासत होती तेव्हा बाईजाचा फोन आला. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती. बाईजाने विचारलं, "पोरं जेवली का गो?"

"जेवली. तुझा रितेश मागून मागून जेवला. घरी एवढा जेवत नाय म्हणतो." शेवटचं तिने वरून घातलं.

पलीकडे बाईजा गप्प झाली. मागे कुठंतरी पारडी ओरडली. जनी फोन कानाला धरून ते गप्प राहणं ऐकत होती.

"मी येते परवा," बाईजा म्हणाली. "खरवस घेऊन येते त्याला."

"कशाला येतेस म्हैस सोडून?" जनी म्हणाली. "मी हाय ना इथं."