कोरडी वात

"वहिनी, पट्टीला हात लावला होता मी! लावला होता!"

स्फोटानंतर ती चार नंबरच्या खोलीतून ओढून काढत असताना तिचा दीर ओरडत होता. कुठला हात, ते दाखवायला त्याने उजवा वर केला. मनगटापुढे काहीच नव्हते. रक्ताची चिळकांडी तिच्या चष्म्यावर उडाली. तिने कोटाचा पट्टा सोडून त्याच्या दंडाला करकचून आवळला. त्याला स्ट्रेचरवर घातले.

कारखाना पूर्वी फक्त सैन्यासाठी दारूगोळा करी. बाजार खुला झाला, सरकारी मागणी आटली, आणि तिथे खाणींसाठी सुरुंग पेटवणाऱ्या स्फोटक टोप्या बनू लागल्या. भाव परदेशी मालाशी भिडवायचा म्हणून निम्मी माणसे घरी पाठवली. गेल्या आठवड्यात पाणीवाल्यालाही काढले. "वातीला पाणी पाजून पगार घेतो लेकाचा!" अशी त्याची थट्टा व्हायची.

ती वात खोलीबाहेर भिंतीवरच्या काचेच्या पेटीत होती. आत दोन तापमापक, एकाच्या फुग्याला खालच्या कपातल्या पाण्यात बुडवलेली ओली वात. हवा कोरडी असली की ओल्या तापमापकाचा पारा खाली उतरतो. फरक वाढला की काम बंद. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर वीज साठते, आणि दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून ती उतरवली तरी पुन्हा साठत राहते. रोज सकाळी फरक वाचून वहीत लिहिणे हे तपासनीस म्हणून तिचे काम. आज दोन्ही आकडे सारखे होते. 'हवा दमट, काम सुरू,' तिने लिहिले होते.

आता तिने पेटी उघडून वात चिमटीत धरली. ती कागदासारखी कडक होती. खालचा कप रिकामा.

"बाई, नोंद तुमचीच आहे," मॅनेजर मागून म्हणाला. "हवा दमट. म्हणजे ठिणगी विजेची नाही. त्यानेच दारू ठासायचा दांडा आपटला."

"वात सुकली होती, साहेब. म्हणून आकडे सारखे दिसले. मी चुकीचं वाचलं."

"मग घाला पाणी!" त्याने तिच्या हातात बाटली कोंबली. "दोनला सरकारी तपासणीवाले येतील. वात ओली दिसली की तुम्ही सुटाल, ऑर्डरही वाचेल."

"आणि माझा दीर?"

"त्याचा हात काय परत उगवणार आहे?"

ती हलली नाही. त्याने बाटली हिसकावली, तिला खांद्याने भिंतीवर ढकलले आणि पेटीत हात घातला. तिने पेटीचे दार सगळ्या ताकदीनिशी त्याच्या बोटांवर आपटले. काच फुटली. तो किंचाळला. हात छातीशी धरून शिव्या देत मागे सरला. पाचही बोटे जागेवर होती, तिने मोजली.

बाटली जमिनीवर पडली होती. उरलेल्या पाण्याने तिने चष्मा धुतला. वहीतली सकाळची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिले : 'वात कोरडी होती. चूक वाचनाची. वाचन माझे.'

मग काचा पायाने बाजूला सारून ती पेटीला पाठ लावून तपासणीवाल्यांची वाट पाहत उभी राहिली. समोर चार नंबरचे दार होते. दाराशी तांब्याची पट्टी काजळून काळी पडली होती. मधोमध, रोज तळवा टेकून टेकून झिजलेला एक भाग तेवढा अजून चमकत होता.